राहिलेली पावती

सर,

आज शनिवार होता आणि शेवटचा तास तुमचा होता. वेळापत्रकावर अजून तुमचंच नाव आहे. ते खोडायचं कोणी, हे ऑफिसात कोणी कोणाला विचारत नाही. मी वर्गात गेले तेव्हा बाकं सरळ रांगेत होती. शनिवारी ती मधोमध ढकलून चारही कोपरे मोकळे करायचे, हे काम शिपाईमामा इतकी वर्षं न सांगता करत आले. आज त्यांनीही केलं नव्हतं. झाडू घेऊन दाराशी उभे होते. म्हणाले, "बाई, सरकवू का राहू देऊ?" मी नुसती मान हलवली. तिचा अर्थ त्यांना कळला नाही. मलाही नाही.

कॉलेजच्या वार्षिकात तुमच्यावर लिहायचं आहे. जन्म, शिक्षण, पदव्या, नोकरीची वर्षं हे सगळं फोटोखाली दुसरं कोणीतरी लिहिणार आहे. विभागप्रमुख मला म्हणाले, "तुम्ही त्यांच्या विद्यार्थिनी, आता सहकारी. दोन शब्द भावनेचे लिहा." दोन शब्दांत मावेल असं माझ्याजवळ काही नाही. माझ्याजवळ आपलं एक अर्धं राहिलेलं भांडण आहे, आणि सोमवारी सकाळची पुण्याची एस.टी. आहे.

पुण्याची गाडी तुमची होती. विद्यापीठाने सगळ्या कॉलेजांतल्या अर्थशास्त्राच्या शिक्षकांना बोलावलं आहे. नवा अभ्यासक्रम येतो आहे. सगळीकडे एकच पुस्तक, एकच प्रश्नसंच, आणि परीक्षकांच्या हातात प्रत्येक प्रश्नाचं एकच छापील नमुना उत्तर. आर्थिक विचारांच्या इतिहासाचा पेपर, तुमचा पेपर, बंद. वर्गातल्या तोंडी चर्चेला काही गुण असावेत, ही तुमची सूचना विषयपत्रिकेत अगदी शेवटी, ‘आयत्या वेळचे विषय’ याच्या वर. ती मांडायला तुम्ही जाणार होतात. आता मी जाणार आहे, कारण तुमचे तास माझ्याकडे आले आणि तासांबरोबर हेही आलं.

"बोलायची काही गरज नाही," विभागप्रमुख मला म्हणाले. ते वाईट मनाने म्हणाले नाहीत. माझा स्वभाव त्यांना माहीत आहे. "जायचं, बसायचं, हात वर करायचा, यायचं. तुमचा आवाज तसाही लहान आहे."

खरं आहे ते. माझा आवाज लहान आहे.

तुम्ही पहिल्यांदा ऐकलात तेव्हाही लहानच होता. मी कॅम्पातली, वडील लष्कराच्या ऑफिसात, शाळा इंग्रजी. मराठी मी घरी बोलत होते, पण मराठीत विचारलेल्या प्रश्नाचं चारचौघांत उत्तर द्यायची वेळ कधी आली नव्हती. बी.ए.च्या पहिल्या तासाला तुम्ही फळ्यावर वरून खाली येणारी एक रेघ काढलीत आणि म्हणालात, "ही रेघ कोणी पाहिली आहे?" मी हात वर केला. डिमांड कर्व्ह मी रंगीत पेन्सिलीने काढलेला होता. "कुठे पाहिलीस?" तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, "इन द बुक, सर." सगळा वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. "हसताय काय?" तुम्ही त्यांना म्हणालात, "ती खरं बोलली. तुम्ही तर ती पुस्तकातसुद्धा पाहिलेली नाही."

त्या दिवशी मी घरी गेले आणि आईला म्हणाले की मी हाच विषय घेणार. तिला वाटलं मला मार्क चांगले पडले असतील.

शनिवारचे कोपरे मला कळायला वेळ लागला. खिडकीकडचा कोपरा बाजाराचा: वस्तू असो की माणसाची मेहनत, तिची किंमत मागणी-पुरवठ्याने ठरते, मध्ये पडू नका. त्याच्या समोरचा श्रमाचा: राबतं कोण आणि नेतं कोण, ते आधी सांगा. फळ्याजवळचा सरकारचा: योजना करा, वाटून द्या. आणि मागचा, जिथे भिंतीचा चुना पडायचा, तो गावाचा. पुस्तकात या चौथ्या कोपऱ्याला प्रकरण नव्हतं. माणसं एकमेकांशी रीतीने, जातीने, नात्याने, भीतीने कशी वागतात, आणि त्यातून त्यांच्या ताटात काय पडतं, हे बोलायचं ते तिथे. विद्यार्थ्याने कुठल्याही कोपऱ्यात उभं राहावं, पण पुढच्या शनिवारी तो बदलायचा.

आणि पावती. समोरच्याला उत्तर देण्याआधी त्याचं म्हणणं आपण मांडायचं, त्याच्याहून चांगलं. मग थांबून विचारायचं, "पावती?" तो जर म्हणाला, "हो, हेच माझं म्हणणं," तर पावती मिळाली, आता खोडून काढा. तो "नाही" म्हणाला तर पुन्हा मांडा. तुम्ही म्हणायचात, "माल पोचल्याशिवाय भांडण नाही. आमच्या राहात्याच्या बाजारात वाटेल त्याच्याशी भांडा, पण आधी माल उतरवून घ्या."

मी कोपऱ्यात उभी राहायला घाबरत होते. दोन-तीन शनिवार मी ओढणी सारखी करत दारातच रेंगाळले. तुम्ही सगळ्यांदेखत विचारलं नाहीत. तास संपल्यावर फळा पुसतापुसता पाठमोरेच म्हणालात, "दारात उभी राहत जा. दार हा पाचवा कोपरा. तिथल्या माणसाने बोलायचं नाही, ऐकायचं. देणारा भिडेखातर पावती देतो आहे की मनापासून, ते बघायचं. खोटी वाटली तर मान हलव."

सर, तुम्ही मला बोलू न देता कामाला लावलंत. त्याआधी माझं गप्प राहणं सगळ्यांनी दुरुस्त करायला घेतलं होतं. तुम्ही त्याला जागा दिलीत. मी दोन वर्षं दारात उभी राहिले, मग पुण्याला जाऊन एम.ए. झाले, ट्यूटर होऊन इथे परत आले आणि पुन्हा त्याच दारात उभी राहिले. "आलीस का," म्हणालात. एवढंच.

यंदाचा तो शनिवार आठवतो. पावसाने दगा दिलेला, जिल्हाभर दुष्काळी कामं निघालेली. प्रश्न तुम्ही फळ्यावर लिहिला होता: कामावरच्या माणसाला खोदलेल्या मातीच्या मापाने मजुरी द्यावी, की सगळ्यांना सारखी? सोनईचा बाळासाहेब, ज्याच्या घरचा ऊस यंदाही हिरवा होता, त्याची पाळी श्रमाच्या कोपऱ्याची आली. बिचारा सुरुवात करीना.

"सर, आमचे आबा ऐकतील तर मला घरात घेनार न्हाईत."

"मग माझ्याकडे जेवायला ये," तुम्ही म्हणालात. "पण पावती मिळाल्याशिवाय ताट नाही."

तो बोलायला लागला, अडखळला, आणि मग काय झालं कोण जाणे, त्याच्या शेतावर येणाऱ्या एका गरोदर बाईबद्दल बोलू लागला. मापाने मजुरी दिली तर तिने पाटी कोणाएवढी उचलायची? हे म्हणणं मुळात ज्याचं, तो गौतम समोरच्या कोपऱ्यातून म्हणाला, "पावती." मी मान हलवली नाही.

गौतम. त्याच्याबद्दल सांगितल्याशिवाय तुमच्याबद्दल सांगता येत नाही. खर्ड्याचा. वडिलांनी धर्म बदलला तेव्हा हा शाळेत जाऊ लागला होता. आई आता रस्त्याच्या कामावर खडी फोडते. बोर्डिंगात राहतो, आणि तुमच्या सगळ्या विद्यार्थ्यांत तुमच्याशी सर्वांत जास्त भांडतो. तुम्हाला तो फार आवडायचा, आणि तुम्ही ते लपवायचा प्रयत्न केलात की वर्गात हशा पिकायचा.

मग गेल्या परीक्षेचे निकाल लागले. आपल्या कॉलेजची अर्थशास्त्राची निम्मी मुलं पडली. तुम्ही उत्तरपत्रिका बघायला मिळाव्यात म्हणून पुण्याला खेटे घातलेत. कोणी दाखवल्या नाहीत. शेवटी मुलांनाच बसवून विचारलंत, काय लिहिलं होतं रे? आणि तेव्हा कळलं. मजुरीचा सीमांत उत्पादकता सिद्धांत स्पष्ट करा, असा प्रश्न होता. शेवटच्या मजुराने उत्पादनात जेवढी भर घातली तेवढी मजुरी, असं तो सिद्धांत म्हणतो. आपल्या मुलांनी शनिवारच्या सवयीने आधी विरोधकाची बाजू मांडली होती. जीव ओतून मांडली होती. पानंच्या पानं. ती मांडता मांडता घंटा झाली. परीक्षकाच्या हातातल्या कागदावर व्याख्या, गृहीतके, आकृती, टीका असे चार मुद्दे. त्यांना वाटलं या पोरांना सिद्धांतच माहीत नाही, दुसरंच काहीतरी लिहून आलीत.

असं जगात फक्त तुमचेच विद्यार्थी नापास होऊ शकतात, सर.

तुम्ही आधी हसलात. हसता हसता खुर्चीत बसलात आणि पडलेल्या मुलांची यादी पुढे ओढलीत. बाळासाहेबही पडला होता. तो म्हणाला, "जाऊ द्या सर, पुन्हा बसू." त्याला बसता येण्यासारखं होतं. गौतम पास झाला होता, चांगला पास झाला होता. तुम्ही त्याला विचारलंत, "तू कसा सुटलास?"

"गाईड पाठ केलं, सर. कोपरे शनिवारचे. पेपर विद्यापीठाचा."

त्यातूनच तुमची सूचना निघाली. परीक्षा मुलांना कळत नाही, की मुलं परीक्षेला कळत नाहीत, ते ठरवण्यापेक्षा काही गुण कॉलेजातच, तोंडी चर्चेवर ठेवावेत. सूचना तुम्ही शनिवारी वर्गात वाचलीत. मुलं खूश. बाळासाहेब म्हणाला, "मंग तर पुस्तक न उघडता पास!" "आत्तापर्यंत कुठे उघडलं होतंस?" तुम्ही म्हणालात. आणि त्या हशात गौतम म्हणाला, "सर, मला कोपरा सोडून बोलायचंय."

"बोल की."

"कागदावर नंबर आसतो, सर. तपासनारा पुन्याला. त्येला म्हाईत न्हाई मी कोन, कुठल्या वस्तीतला. तो निस्तं उत्तर बगतो. म्हनून मी हितपर्यंत आलो. तोंडी घेतली की समोर मी आलो. माजं नाव आलं, आडनाव आलं."

"तोंडी मी घेणार आहे ना."

"तुमी हितं. बाकीच्या कॉलेजांत तुमी कुटं हाय?"

मी दारातून तुमच्याकडे बघत होते. शनिवारी बोलून बोलून घसा बसायचा म्हणून काकू तुमच्या खिशात ज्येष्ठमधाची काडी ठेवायच्या. तुमचा हात त्या काडीकडे गेला आणि खिशातच राहिला. तुम्ही म्हणालात, "याला माझ्याकडे उत्तर नाही." मग थोड्या वेळाने, "आज नाही."

त्या संध्याकाळी मी तुमच्या घरी आले. न बोलावता मी कोणाच्याही घरी जात नाही. ओट्यावर तुम्ही एकटेच बसला होतात. मी उभ्याउभ्याच बोलायला लागले, कारण बसले असते तर बोलले नसते.

"सर, गौतमचं बरोबर आहे. एकच पुस्तक, एकच उत्तर, हे कंटाळवाणं असेल. पण त्यात कोणाला कोणाचं तोंड बघावं लागत नाही. खर्ड्याचा मुलगा आणि पुण्याचा मुलगा एका मापाने मोजला जातो."

"आणि त्या मापात त्याची आई कुठे आहे?" तुम्ही म्हणालात. "पुस्तक म्हणतं, तिची मजुरी तिच्या शेवटच्या पाटीएवढी. तो हे पाठ करणार, पहिल्या वर्गात येणार. आईला इतकंच मिळतं ते बरोबरच आहे, हे शिकून येणार. दुसरं काही म्हणणारी माणसं जगात होऊन गेली, हे त्याला कळणारसुद्धा नाही."

"पण येईल ना पास होऊन. पुढचं तो स्वतः वाचेल."

"वाचत नाहीत, शैलजा. एकच उत्तर शिकलेल्या माणसाला प्रश्न संपला असं वाटतं."

"ज्यांच्या घरी नापास झालेलं पोरगं वर्षभर बसून खाऊ शकतं, त्यांच्यासाठी आहेत तुमचे कोपरे, सर. बाळासाहेबासाठी. माझ्यासाठी. त्याच्यासाठी नाहीत."

काकू चहा घेऊन बाहेर आल्या होत्या. कपबशा हातात धरून तशाच थांबल्या. तुमच्या घरात तुमच्याशी कोणी असं बोललं नसावं. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात आणि मग तुमच्या चेहऱ्यावर ते हसू आलं. "दार सोडलंस तू," म्हणालात. मला राग आला. मी मुद्द्याचं बोलत होते आणि तुम्ही माझ्या बोलण्यावर खूश होत होतात.

तो राग अजून आहे. माझं म्हणणंही अजून तेच आहे. तुम्ही गेलात म्हणून मी ते मागे घेणार नाही, आणि घेतलं असतं तर तुम्हालाच आवडलं नसतं.

निघताना तुम्ही म्हणालात, "पुण्याला जायच्या आधी गौतमची बाजू मला नीट मांडता आली पाहिजे. त्याची पावती घेतो, मग माझं बोलतो." मला वाटलं पुढच्या शनिवारी. तुम्हाला तेवढा धीर नव्हता. गौतम रविवारी आईच्या मदतीला गावी गेलेला, तर तुम्ही त्याच्या मागोमाग खर्ड्याला गेलात. परतताना जामखेडच्या स्टँडवर, गाडीची वाट बघत, बाकावर बसल्या जागी. इतकंच मला माहीत आहे. इतकंच मला पुरे आहे.

तुमचं दहावं झालं त्या दिवशी गौतम मला कॉलेजच्या सायकलस्टँडपाशी भेटला. माझ्याकडे न बघता सायकलच्या चाकाकडे बघत बोलत होता.

"बाई, सर कामावर आले तवा ऊन लई हुतं. आईनं रेशनच्या मिलो जवारीची भाकर दिली, लाल. खाल्ली त्यांनी. म्हनले, आमच्या राहात्याला बी आता हीच हाय. मग मला म्हनले, मी तुझ्या कोपऱ्यात उभा हाय आसं समज. आन् बोलले. शाळेत मास्तर आडनाव इचारून मग पोराला कुटं बसवायचा ते बोलले. नाव सांगताना जीभ कशी जड व्हती ते बोलले. आईनं हातोडी खाली ठिवली, ऐकाय लागली."

"मग?"

"मग म्हनले, पावती?"

तोच पुढे बोलला.

"मी न्हाई म्हनलं, बाई. म्हनलं, सर, तुमी लाज बोललात, भ्या न्हाई बोललात. मला लाज न्हाई वाटत. बापानं बुद्धाला हात जोडले तवाच ती गेली. मला भ्या वाटतं. तुमी चांगले हाय, पन तुमी जानार. आन् तुमच्या खुर्चीवर कोन बसंल? तुमच्या चांगुलपनावर नेम बसवला, तर तुमी गेल्यावर आमी काय करायचं?"

"काय म्हणाले सर?"

"हसले. म्हनले, बरोबर, हे राहिलंच. शनिवारी परत मांडतो. आन् चालत स्टँडकडं गेले." मग त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. "द्यायला पायजे व्हती का वो मी पावती? एवढ्या उन्हातनं आलेल्या मानसाला? निस्तं व्हय म्हनायचं हुतं."

सर, त्याला मी काय सांगायचं होतं? तुम्ही मला शिकवलेलं एकच काम मला येतं, तेच मी केलं. मी म्हणाले, "खोटी पावती त्यांनी ओळखली असती. मी दारात असते तर मीही मान हलवली असती." तो खाली बसला आणि सायकलची साखळी बोटांनी पुसत राहिला. हात काळे झाले. त्या हातांनी त्याने डोळे पुसले. मी तिथेच उभी होते. जवळ जाऊन पाठीवर हात ठेवायला मला अजून येत नाही.

नंतर मी काकूंकडे गेले. त्यांनी मला आत बसवलं, चहा केला, साखर मिळेना म्हणून गुळाचाच. कप पुढे करत म्हणाल्या, "तुझं नि त्यांचं भांडण मिटलं होतं का गं?"

"नाही, काकू."

"मग बरंय. मिटलं असतं तर तुला पुन्हा इकडं यायला कारण काय राहिलं असतं?" आणि मग त्या ज्येष्ठमधाच्या काड्यांची पुरचुंडी शोधायला उठल्या. शोधून झाल्यावर, ती कोणाला द्यायची हे न कळून, तशीच हातात धरून बसल्या.

आज वर्गात शेवटी बाकं आम्हीच सरकवली. गौतम आला, बाळासाहेब आला, आणखी चार-पाच जण. कोणीच कुठल्या कोपऱ्यात जाईना. मी दारातून आत आले. मी मधोमध उभी राहिले, कारण तुमचा कोपरा कोणता हे मला आठवेना. तुमचा कोपरा नव्हताच कधी. मी म्हणाले, "मी सरांची बाजू मांडते." आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला नसावा.

मी म्हणाले: सरांचं म्हणणं असं की एका मापाने मोजणं म्हणजे न्याय, हे आपण फार लवकर मानतो. माप कोणी बनवलं ते विचारत नाही. नाव झाकलं की भेदभाव गेला असं आपल्याला वाटतं, पण ज्या उत्तराला गुण मिळतात त्या उत्तरात आधीच कोणाची तरी बाजू घेतलेली असते, आणि ते झाकलेलं नसतं, ते छापलेलं असतं. खर्ड्याच्या मुलाला पुण्याच्या मुलासारखं मोजायचं असेल तर त्याला पुण्याच्या मुलासारखंच उत्तर द्यायला लावायचं, हे सरांना मान्य नव्हतं. त्यांना वाटायचं, उत्तरं चार असू देत आणि मोजणारा माणूस प्रामाणिक असू दे. आणि प्रामाणिक माणूस सगळीकडे नसतो, हे त्यांना कळत होतं. त्याचं काय करायचं हे त्यांना कळलेलं नव्हतं. ते शोधत होते. शोधायलाच ते उन्हात गेले होते.

मी थांबले. सवयीने तोंडातून निघून गेलं, "पावती?"

बाळासाहेबाने मान खाली घातली. गौतम सावकाश म्हणाला, "सरांची पावती कोन देनार, बाई?"

मी दाराकडे पाहिलं, सर. दारात कोणी नव्हतं. खोटी की खरी हे सांगायलाही कोणी नव्हतं. मग घंटा झाली.

आता मी घरी बसून लिहिते आहे, आणि सोमवारचं मला आत्ताच दिसतं आहे. मोठं सभागृह असेल, पंखे फिरत असतील, पुढच्या रांगेतल्यांना जेवणाची घाई असेल. आयत्या वेळच्या विषयांच्या आधी अध्यक्ष घड्याळ बघतील. मी उठेन. मला दुसरी कुठली रीत येत नाही, म्हणून मी आधी गौतमची बाजू मांडेन. पूर्ण ताकदीने मांडेन, लाज नव्हे तर भीती, चांगला शिक्षक जातो आणि खुर्ची मागे राहते, सगळं. माझा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत जाईल. आणि तुमच्याकडे वळेपर्यंत वेळ संपेल. त्यांना वाटेल, ही बाई नव्या अभ्यासक्रमाच्याच बाजूने बोलून बसली. कोणीतरी आभार मानेल. हात वर होतील. तुमच्या मुलांचं परीक्षेत झालं तेच माझं सभेत होणार.

तरी दुसरं काही मला करता येणार नाही. तुमची बाजू आधी मांडून गौतमची उरलेल्या वेळात उरकावी, तर ते तुमचं म्हणणं राहणार नाही. तुम्ही मला हरण्यासाठी तयार केलंत, सर. तुम्हाला हे दिसलं नव्हतं का? की दिसलं होतं आणि तुम्ही सांगितलं नाहीत, मुलीला कशाला आत्ताच, म्हणून?

वरचा परिच्छेद मी पुन्हा वाचला, वर्गात बोलले तो. त्यात काहीतरी राहिलं आहे. गौतमने तुम्हाला सांगितलं तसं कोणीतरी मला सांगायला हवं, की हे बोललात, ते नाही बोललात. काय राहिलं ते फक्त एका माणसाला माहीत आहे.

म्हणून विचारते. मी तुमची बाजू मांडली आहे, आणि मी अजून तुमच्या विरुद्ध आहे. पावती द्या. नसेल द्यायची तर मान हलवा, मी पुन्हा मांडते. सोमवारपर्यंत मांडते, सोमवारनंतरही मांडते. पण असं गप्प राहू नका, सर. गप्प राहायचं काम माझं होतं.